साडूची गाडी आणि माझ्या बायकोचं हसू

माझा साडू दातांचा डॉक्टर आहे. लोकांच्या दाढांमधले खड्डे बुजवत त्यानं आयुष्य काढलं आणि त्या कमाईतून अशी गाडी घेतली, की जिला रस्त्यातला एकही खड्डा सोसत नाही. खरं म्हणजे यावर मी पोट धरून हसायला हवं होतं. हसलोही असतो. पण माझ्याआधी माझी बायको त्या गाडीतून चक्कर मारून आली आणि तीच हसली.

आता यात जळण्यासारखं काय, असं तुम्ही म्हणाल. आहे. आमच्या घरात स्वयंपाक अर्धाअर्धा आहे, बाजारहाट अर्धाअर्धा आहे, भांडण तर रोखठोक अर्धंअर्धं आहे. पण बायकोला हसवणं हे खातं पहिल्यापासून माझं एकट्याचं. लग्न जमलं तेच मुळी मी तिच्या वडिलांच्या खुर्चीच्या गादीखाली गाडीचा जुना रबरी भोंगा सरकवला म्हणून. सासरेबुवा गंभीर चेहरा करून "तर मग, तुमचं पुढचं काय ठरलंय?" असं म्हणत बसले आणि खालून भोंग्यानं उत्तर दिलं. सासरे तांबडे झाले, सासूबाई देवघराकडे पळाल्या आणि ही पदर तोंडात कोंबून अशी हसली, अशी हसली, की तिला ठसका लागून पाणी द्यावं लागलं. पाणी मीच दिलं. तेव्हापासून ते हसू माझं.

धंद्यानं मी ड्रायव्हिंग स्कूलवाला. माझ्या गाडीत शेजारच्या सीटलाही क्लच-ब्रेक आहे, छपरावर "शिकाऊ चालक" अशी पाटी आहे, आणि मला अख्खं गाव मास्तर म्हणतं. अर्धं गाव माझ्याच हाताखाली गिअर टाकायला शिकलंय. आता एक गोष्ट सांगतो ती तुमच्याजवळच ठेवा. प्रत्येक शिकाऊ माणसाला मी सगळं नीट शिकवतो, अगदी काटेकोर. फक्त त्यात एक नियम आपल्या पदरचा घालतो. साफ खोटा. कुणाचं नखसुद्धा दुखणार नाही असा, पण खोटा.

बँकेतल्या मॅनेजरबाईंना मी शिकवलं की चावी लावण्याआधी तिच्यावर फुंकर मारायची, इंजिन खुश राहतं. बाई आजही फुंकर मारतात, आणि तीही लिपस्टिक सांभाळून. शाळेतल्या गणिताच्या सरांना सांगितलं, रिव्हर्स घेताना तोंड उघडं ठेवा, अंतराचा अंदाज बरोबर येतो. सर रोज संध्याकाळी फाटकातून गाडी मागे घेतात तेव्हा समोरच्या गच्चीतली पोरं त्यांच्या घशातली पडजीभ बघून घेतात. कुणाला काय शिकवलं हे मीही विसरून जातो. तीच तर मजा. कित्येक वर्षांनी एखादा माणूस चौकात चढावर गाडीला "चल गं माझी बाई" म्हणताना दिसतो, आणि मला एकदम आठवतं, अरे, हा आपलाच!

हे सगळं फक्त बायकोला ठाऊक आहे. तिलाही गाडी मीच शिकवली. ती अधूनमधून डोळे बारीक करून विचारते, "मला नाही ना असलं काही शिकवलंत?"

"तुला?" मी म्हणतो. "छे! तुला कसं शिकवीन?"

तर, गाडी. एका रविवारी सकाळी साडू ती घेऊन आमच्या दारात हजर झाला. रंग पिवळाजर्द. उंची इतकी कमी की फाटकाबाहेर उभी राहिली तर कुंपणावरून दिसेना. आधी आवाज आला, जाडा, पोटातून येणारा, मग फाटकाखालच्या फटीतून पिवळं काहीतरी दिसलं. आम्ही बाहेर गेलो. साडू गाडीतून उतरत होता. म्हणजे आधी एक हात बाहेर आला, तो हात जमिनीवर टेकला, मग एक पाय, मग डोकं, आणि शेवटी अख्खा माणूस जमा झाला.

मेहुणी मागून स्वतःच्या साध्या गाडीतून आली होती, कारण नवऱ्याच्या गाडीत दोनच सीटा आणि दुसरीवर तिच्या आईला द्यायचं कुंडीतलं झाड बसलं होतं.

"भाऊजी, कशी आहे?" तिनं विचारलं.

"छान आहे की," मी म्हणालो. "उरलेली अर्धी कधी येणार?"

मेहुणी हसली. साडू नाही हसला. तो तसा विनोदाच्या बाबतीत भूल दिलेला माणूस आहे. त्यानं गाडीभोवती फिरून मला चाकं दाखवली. रुंद चाकं, त्यावर रबर जेमतेम, चपातीच्या कडेइतकं. मी खाली वाकून बघितलं तर गाडीचं पोट आणि जमीन यांच्यामध्ये माझी चप्पल मुश्किलीनं सरकली असती.

"ताई, बसताय का? एक चक्कर मारू," साडू माझ्या बायकोला म्हणाला.

आणि ती गेली. ओढणी सावरत, वाकत, "अगं बाई, केवढं हे खाली!" म्हणत ती त्या भोकात शिरली. मी आणि मेहुणी कुंडीतलं झाड धरून उभे. थोड्या वेळानं आवाज परत आला. गाडी थांबली. दार उघडलं. कुणी उतरेना.

मी वाकून बघितलं तर बायको सीटमध्ये घसरून जवळजवळ जमिनीला लागली होती आणि हसत होती. डोळ्यांतलं काजळ गालावर आलेलं, एक हात पोटावर, दुसरा तोंडावर. तोच ठसका. भोंग्यावाला.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही!" ती म्हणाली, साडूकडे बघितलं आणि पुन्हा फुटली.

साडू मात्र एक्स-रे बघताना करतो तसा चेहरा करून बसलेला. "ताईंना गाडी आवडली," तो म्हणाला.

माझ्या छातीत काहीतरी खर्रकन घासलं. स्पीडब्रेकरवर कमी उंचीच्या गाडीचं पोट घासतं ना, अगदी तसं.

दुपारी ती भांडी लावत होती तेव्हा मी सहज विचारल्यासारखं विचारलं. म्हणजे मी सहज विचारायची पूर्ण तयारी केली होती.

"मग? काय एवढं हसू आलं?"

"तुम्हाला नाही कळायचं. त्यासाठी त्या गाडीत बसावं लागतं."

"वळणावर आलं का हसू? पोटात गुदगुल्या होतात काहींना."

"वळणावर कसल्या गुदगुल्या? वळणावर ती गाडी हलतसुद्धा नाही. आपली कशी, वळण आलं की एका अंगावर झोपते. ती नाही झोपत."

आपली झोपते! माझ्या गाडीबद्दल माझ्या स्वयंपाकघरात असं बोलणं.

"मग खड्ड्यात आलं का?"

तिच्या हातातली ताटली खाली गेली. तिनं ओट्याला धरलं, खांदे गदागदा हलायला लागले, आणि ती तशीच बाहेर निघून गेली.

एवढ्यावर थांबलं असतं तर मीही विसरलो असतो. पण बायको पडद्यांच्या दुकानात काम करते. लोकांच्या घरी जाऊन खिडक्यांची मापं घेते. आजवर तिला मी सोडायचो. शिकाऊ माणूस स्टिअरिंगवर, मी शेजारी आणि ती मागे टेप घेऊन. आता तिकडच्या बाजूला नेमका साडूचा दवाखाना.

"आज राहू द्या," ती आरशात बघत म्हणायची, "तुमची बॅच आहे ना? डॉक्टर सोडतील."

आरशात बघत. आणि केस बांधायची. मला सोडायला सांगायची तेव्हा केस कुठे बांधायची?

आणि परत आली की गालावर काजळ. रात्री जेवताना मी माझ्या सगळ्या ठेवणीतल्या गमती काढल्या. दुपारी एक शिकाऊ माणूस वायपर चालू करून इंडिकेटर दिला असं कसा समजला ते सांगितलं. गणिताच्या सरांची पडजीभ करून दाखवली. ती "हं" म्हणाली. अहो, "हं"! पडजिभेला!

मग मी माझ्या जुन्या वळणावर आलो. साडूला फोन केला.

"डॉक्टर, मेन रोडवर पाइप टाकायला खणलंय म्हणे. उद्या ताईंना हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीतून न्या."

"बरं झालं सांगितलंत, मास्तर."

मेन रोड गुळगुळीत होता. हॉस्पिटलच्या मागची गल्ली मला पाठ आहे, हाफ क्लच शिकवायला मी पोरांना तिथंच नेतो. आधी एकामागोमाग एक स्पीडब्रेकर. रात्रीत ज्यानं त्यानं आपापल्या दारासमोर घालून ठेवल्यासारखे, एकाची उंची दुसऱ्याला माहीत नाही. मग खचलेलं गटाराचं झाकण, आणि शेवटी काटकोनातलं वळण, जिथं डांबर संपतं आणि खडी सुरू होते. माझा बेत साधा होता. गाडीचं पोट घासणार, डॉक्टर कळवळणार, ताईंची कंबर मोडणार, ताई घरी येऊन "शी बाई, पुन्हा नाही बसायची" म्हणणार.

दुसऱ्या दिवशी मी बॅच सोडून गल्लीच्या तोंडाशी, औषधाच्या दुकानाच्या पायरीवर जाऊन उभा राहिलो. हातात खोकल्याची बाटली, म्हणजे कारण असावं म्हणून.

आली पिवळी. स्पीडब्रेकर बघून जवळजवळ थांबली. मग तिरकी झाली, एक चाक वर, मग दुसरं, जसा एखादा चष्मेवाला माणूस निसरड्या पायरीवरून उतरतो. खर्र्र! घासली! माझ्या जिवाला काय गारवा वाटला म्हणून सांगू. मी वाकून मागच्या काचेतून बघितलं. काच केवढी, टपालपेटीच्या फटीएवढी. त्यातून दोघांची डोकी दिसत होती.

आणि ती डोकी दर स्पीडब्रेकरला एकदम वर जात होती. दोघांची. एकाच वेळी. वर, खाली. पुन्हा वर, खाली. जशी काही दोघं एका झोपाळ्यावर बसलीत.

"बापरे," मी औषधवाल्याला म्हणालो, "स्प्रिंगा किती कडक असतील! माणसं उडतायत आत."

"तुम्हाला कोरडा खोकला की ओला?" औषधवाला म्हणाला.

संध्याकाळी बायको आली ती नुसती काजळावर थांबली नव्हती. तिचा आवाज बसला होता. हसून. चहा गाळताना मध्येच थांबून ती भिंतीकडे बघून हसली.

म्हणजे जितके खड्डे जास्त, तितकं हसू जास्त. हे कळल्यावर पडताळा म्हणून मी साडूला पुढच्या वेळी गावाबाहेरच्या नव्या रस्त्यानं जायला सांगितलं. तिथं खड्डा शोधायला भिंग लागेल, नुसती लांबच लांब वळणं. त्या दिवशी बायको कोरड्या डोळ्यांनी परत आली. "छान झालं," म्हणाली, "वळणावर गाडी काय बसते रस्त्याला, चिकटवल्यासारखी." बस्स. हसू नाही.

झालं, माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हसू साडूत नव्हतं, स्प्रिंगांत होतं! कडक गाडी, उडणारी माणसं, गुदगुल्या. मग ते मला का जमू नये? मी हवावाल्याकडे गेलो आणि म्हणालो, "भर."

"किती भरू?"

"दगड होईस्तोवर."

"मास्तर, टायर फुटला तर माझ्याकडे येऊ नका."

दुसऱ्या दिवशी मी बायकोला म्हणालो, "आज मी सोडतो. बॅच नाही." बॅच होती. एक शिकाऊ बाई दारात उभ्या होत्या, त्यांना मी इंजिन गरम झालंय असं सांगून घरी पाठवलं.

हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीत मी पहिला स्पीडब्रेकर घेतला तो जरा जोरातच. गाडी उडाली, आम्ही उडालो, छपरावरची पाटी उडून पुन्हा जागेवर बसली. मी आशेनं तिच्याकडे बघितलं.

"आई गं! काय करताय?"

दुसऱ्याला तिची जीभ चावली गेली. तिसऱ्याला मापाची टेप मांडीवरून सुटली आणि लांबच्या लांब उलगडत गिअरला गुंडाळली. मी अजून तिच्या तोंडाकडेच बघत होतो, त्यामुळे वळण जवळ आल्याचं मला उशिरा कळलं. वळणावर आमची गाडी, कबूल करतो, एका अंगावर झोपली. आणि दगड झालेली चाकं खडीवरून अशी सरकली, की बायको घसरत दाराला जाऊन चिकटली आणि मी तिच्या बाजूला जवळजवळ पाहुणा म्हणून गेलो. दोन्ही बाजूंचे ब्रेक एकदम दाबून गाडी एका कचरापेटीसमोर थांबली. तिच्या बाजूचा ब्रेक तिनं दाबला होता.

"हसलीस का नाही?" मी विचारलं.

"काय?"

"खड्ड्यात. हसली नाहीस."

तिनं तोंडावर आलेले केस बाजूला केले. जीभ दुखत होती म्हणून हळूहळू बोलली. "तुम्ही चाकात हवा कोंबून आणलीत का?"

मी काचेबाहेर बघितलं.

"मला हसवायला?"

"गाडीला बरं असतं मधून मधून," मी म्हणालो.

"अहो, तुम्ही जळताय का?"

"कोण मी? त्या पिवळ्या घोरपडीवर?"

तिच्या चेहऱ्यावर काहीतरी झालं. राग उतरला आणि त्या जागी असं काहीतरी आलं की जे मला नीट ओळखता येईना. मला वाटतं, दुसऱ्याची गंमत करणारा माणूस असा दिसत असावा. मला तो चेहरा बघायची सवय नाही, कारण तो नेहमी माझा असतो.

"सांग ना," मी म्हणालो. "काय करतो तो?"

"नाही," ती टेप गुंडाळत म्हणाली. "अजून थोडे दिवस नाही." आणि उतरून राहिलेली वाट चालत गेली.

त्या दिवशी मी खरा खचलो. बघा, माणसाकडे रूप नसेल तर चालतं, पैसा नसेल तरी कसंबसं चालतं. पण ज्याच्याकडे फक्त गंमत आहे, त्याच्या घरात दुसऱ्या कुणाच्या गमतीवर हसू यायला लागलं तर तो उरला कशाला? भांडी पुसायला? आणि दुसरा तरी कोण, तर ज्याला आयुष्यात विनोद कळला नाही असा माणूस. एखादा गमत्या असता तर मी त्याच्याशी दोन हात केले असते. याच्याशी काय करणार? हा हसवतो आणि याला पत्ताच नाही.

म्हणून मी सरळ दवाखान्यात गेलो. साडू एका माणसाच्या तोंडात आरसा घालून बसला होता.

"डॉक्टर, मला गाडीत बसायचंय."

त्याच्या हातातला आरसा थांबला. "खरंच?"

"आता."

"आऽऽ," खुर्चीतला माणूस म्हणाला.

त्याचं काम उरकल्यावर साडू कोट न काढताच बाहेर आला. "मास्तर, मला पहिल्या दिवशी आधी तुम्हालाच बसवायचं होतं," तो म्हणाला. "पण तुम्ही म्हणालात, उरलेली अर्धी कधी येणार. मला वाटलं, तुम्हाला नाही पटली गाडी."

मी गाडीत शिरलो. म्हणजे पडलो. बूड रस्त्यापासून वीतभर, पाय समोर लांब केलेले, डोळ्यांसमोर पुढच्या ट्रकचा मडगार्ड. ती निघाली आणि रस्त्यातली खडी न् खडी मला पाठीच्या मणक्यातून येऊन भेटायला लागली. आमच्या गाडीत रस्ता कसा लांबून, निरोपानं कळतो. इथं तो थेट घरात शिरतो. डांबराचं ठिगळ कुठं लावलंय, झाकणाची कुठली कड मोडलीय, सगळं बसल्या जागी समजत होतं. मी मनात म्हटलं, बरं झालं, चांगले हाल होतात पैसेवाल्यांचे.

मग पाण्याच्या टाकीजवळचं वळण आलं. हे वळण आतल्या अंगाला उतरतं आणि पुढं गेल्यावर आणखी आवळतं. शिकाऊ माणसांना मी तिथं दुसरा गिअर टाकायला लावतो आणि माझ्या ब्रेकवर पाय ठेवून बसतो. साडू तिसऱ्यातच होता. माझा उजवा पाय आपोआप ब्रेक दाबायला गेला. तिथं ब्रेक नव्हता, नुसतं कार्पेट. मी कार्पेट दाबत राहिलो.

आणि गाडी वळली. झोपली नाही, कलली नाही, बोंबलली नाही. नाक जिकडे फिरवलं तिकडे अंगासकट गेली, जसं रस्त्यानंच तिला हाताला धरून नेलं. माझं पोट तेवढं एका बाजूला राहिलं. इतकी वर्षं मी लोकांना वळण शिकवतोय. वळण म्हणजे काय, हे मला त्या दिवशी कळलं, आणि तेही दाताच्या डॉक्टरकडून.

इथं मात्र मी जळलो. आतापर्यंतचं जळणं म्हणजे नुसता धूर होता. बायकोचं सोडा, हे वळण मला हवं होतं.

"आता हॉस्पिटलची गल्ली," साडू म्हणाला. "तुम्हीच तर दाखवलीत ही वाट. मला आवडते. सराव होतो."

"कसला सराव?"

पहिला स्पीडब्रेकर आला. साडूनं गाडी हळू केली, दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट रोवले आणि चेहरा एक्स-रे बघतानासारखा केला. मग तो म्हणाला, "मास्तर, उठा."

"काय उठा?"

तो उठला. म्हणजे बसल्या बसल्या बूड सीटवरून उचललं, वीतभर, डोकं छताला टेकलं, मान वाकडी, आणि श्वास रोखून तसाच अधांतरी. खाली खर्र्र!

त्यानं बूड टेकवलं आणि माझ्याकडे दुखावल्या नजरेनं बघितलं. "तुम्ही उठला नाहीत ना, म्हणून घासली."

"डॉक्टर, हे... हे कुणी शिकवलं तुम्हाला?"

"म्हणजे काय? तुम्हीच," साडू म्हणाला. "आठवत नाही? आमचं नवीन लग्न झालेलं, सासऱ्यांनी मला तुमच्याकडे धाडलं शिकायला. तुम्ही म्हणालात, डॉक्टर, स्पीडब्रेकर आला की बूड उचलायचं, गाडीला तेवढंच हलकं वाटतं. आजवर एक स्पीडब्रेकर बसून घेतला नाही मी. जुन्या उंच गाडीला त्याचं काही वाटायचं नाही. पण या गाडीला बघा, एवढी खाली आहे, हिला किती उपयोग होतो!"

मी दाराचा दांडा धरला.

"ताईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, हे काय करताय," तो अगदी मनापासून सांगत होता. "मी म्हणालो, ताई, तुम्हीही उठा, मास्तरांची शिकवण आहे. काय झालं कुणास ठाऊक, ताईंना जे हसू फुटलं! पण त्याही उठतात हं आता. दर वेळी. हसत हसत उठतात, पण उठतात."

मला एकदम सगळं दिसलं. टपालपेटीच्या फटीतून वर जाणारी दोन डोकी. चहा गाळताना भिंतीकडे बघून आलेलं हसू. आणि "तुम्हाला नाही कळायचं"!

दुसरा स्पीडब्रेकर आला. साडूनं गाडी आधीपेक्षा जास्त तिरकी घेतली. "उठा, मास्तर!"

मी उठलो. काय करणार? दोघं मध्यमवयीन गृहस्थ, एक पांढऱ्या कोटात, माना वाकड्या करून, बुडं हवेत. बाहेर औषधवाला पायरीवर उभा होता. त्यानं आमच्याकडे बघितलं आणि बघतच राहिला.

गाडी घासली नाही.

"बघितलंत?" साडू म्हणाला.

आता मी हा धंदा करतो. गाडी तिरकी घेतली म्हणून घासली नाही, हे मला कळत नाही असं नाही. बूड उचललं म्हणून वजन कुठं पळून जात नाही, ते पायांवर येतं आणि गाडीतच राहतं. हे मला पक्कं ठाऊक आहे. तरीपण खरं सांगतो, तिसऱ्या स्पीडब्रेकरला तो बोलायच्या आधीच मी उठलो होतो.

"मास्तर, गाडी कशी आहे?" शेवटी त्यानं विचारलं. समोर बघत, हळूच. दाखल्यावर सही मागायला आलेल्या शिकाऊ माणसासारखा.

"अख्खी आहे," मी म्हणालो. "आणि डॉक्टर, वळण फार सुंदर घेता तुम्ही. हे मी शिकवलेलं नाही."

त्याचे कान लाल झाले. बुडाबद्दल मी चकार शब्द काढला नाही. काढीन कशाला?

घरी पोचलो तेव्हा मला गाडीतून उतरता येईना. अर्धं गाडीच्या उंचीमुळे आणि अर्धं हसू दाबून दाबून पोट दुखत होतं म्हणून. बायको फाटकाशी उभी होती. तिनं वाकून बघितलं. माझ्या गालावर काजळ नव्हतं एवढंच, बाकी सगळं तिच्यासारखंच.

"कळलं?" ती म्हणाली.

मी मान हलवली.

साडू निघून गेला. कोपऱ्यावरच्या स्पीडब्रेकरला त्याचं डोकं वर गेलेलं आम्हा दोघांना दिसलं आणि आम्ही दोघं फाटकाला धरून उभे राहिलो.

"म्हणजे इतके दिवस तू माझ्याच गमतीवर हसत होतीस," मी श्वास घेत म्हणालो.

"आणि तुम्ही तुमच्याच गमतीवर जळत होता."

"मग सांगायचं ना!"

"का सांगू? सांगितलं असतं तर तुम्ही छाती फुगवून गावभर फिरला असता. चाकात हवा कोंबलीत ती दिसली असती का मला?" तिनं माझ्या खांद्यावरची धूळ झटकली. "इतक्या वर्षांत मला हसवायला कुणी टायर फोडायला निघालं नव्हतं."

मग तिला दुकानात कापड पोचवायचं होतं. मी म्हणालो, चालव तू, मला अजून हसू आवरत नाही. ती आमच्या गाडीत चालवायला बसली, मी शेजारी, पाय माझ्या ब्रेकवर. खरा ब्रेक, कार्पेट नाही.

"बिचारे डॉक्टर," ती गिअर टाकत म्हणाली. "इतका शिकलेला माणूस, आणि कसा विश्वास ठेवला असेल हो? मला नाही ना शिकवलंत असलं काही?"

"तुला?" मी म्हणालो. "छे! तुला कसं शिकवीन?"

पुढं बाजाराची अरुंद गल्ली लागली. एका बाजूला उभा ट्रक, दुसऱ्या बाजूला भिंत, मधून जेमतेम गाडी जाईल एवढी वाट. बायकोनं गाडी हळू केली, डोळे समोर रोखले, ताठ बसली, आणि मग मोठा श्वास घेऊन पोट आत ओढून धरलं. गाडी पार पलीकडे निघेपर्यंत. कारण अरुंद जागेतून जाताना पोट आत घेतलं की गाडी घासत नाही.

मी खिडकीबाहेर बघत बसलो. भिंतीवर काहीतरी फार महत्त्वाचं लिहिलेलं असल्यासारखं.